झोपेची गोळी का नाकारली? परभणीच्या वाचकदादांना उत्तर

दादा, तुमचं म्हणणं असं: वडिलांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, आयसीयूत त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही, तुम्ही गोळी मागितली तर सिस्टरनी नाही म्हटलं, आणि मी मागच्या लेखात त्याच नकाराची पाठराखण केली. "चार तास भूल देता, मग रात्रभर झोप का देता येत नाही?" तुमचा राग पटतो, मागणी पटत नाही.

भुलीत माणूस बेशुद्ध असतो. झोपेचे एकामागून एक येणारे टप्पे त्यात नसतात. मिडॅझोलम, अल्प्राझोलम या गुंगीच्या औषधांनी डोळे मिटतात, पण गाढ झोप घटते आणि म्हाताऱ्या माणसाला भ्रम होण्याची भीती वाढते. मग रात्री दोनला सलाईनची सुई उपटून "बैलं सोडली का?" म्हणत उठणारे आजोबा आणि रडवेली सून, हे मी भूलतज्ज्ञ म्हणून फार पाहिलंय.

डेक्समेडेटोमिडिन या शिरेतून द्यायच्या गुंगीच्या औषधाची गोष्ट वेगळी. त्याची गुंगी नैसर्गिक झोपेच्या बरीच जवळ जाते, हाक मारली की पेशंट डोळे उघडतो. 2016 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावरचा बीजिंगचा अभ्यास आला. हृदयाखेरीज इतर ऑपरेशनं झालेल्या, 65 वर्षांपुढच्या 700 रुग्णांपैकी निम्म्यांना आयसीयूत रात्रभर अगदी कमी डोस दिला. भ्रमाचं प्रमाण इतरांत 23 टक्के, यांच्यात 9 टक्के, झोपही सुधारली. पण 2020 मध्ये हृदयाच्या ऑपरेशनांवरच्या याच औषधाच्या मोठ्या अभ्यासात भ्रम काही कमी झाला नाही, बीपी मात्र जास्त जणांचा उतरला. नाडीही मंदावते. म्हणून औषध मोजून सोडणारा सिरिंज पंप, मॉनिटर आणि लक्ष ठेवणारी सिस्टर, तिन्ही हवेत. तालुक्याच्या छोट्या दवाखान्यात ती नसतील तर मी हे औषध लावणार नाही.

राग पटतो तो यासाठी: डोक्यावर रात्रभर ट्यूबलाईट, पहाटे चारला रक्त काढणं, मॉनिटरची पीपी, आणि दुखतंय का हे कुणी विचारतच नाही. आधी हे बदलायला सांगा. दुखणं आटोक्यात आणा, दिवे मंद करा, डोळ्यांवर पट्टी, कानात इअरप्लग. दिवसा चष्मा आणि कानाचं यंत्र त्यांना परत द्या.

शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की वडील घरी कित्येक वर्षं रोज रात्री अल्प्राझोलम घ्यायचे आणि डॉक्टरांना ते सांगायचं राहिलं. ही साधी बाब नाही. अशी गोळी एकदम तुटली तर त्यानंच झोप उडते, तगमग होते. आता उद्याच डॉक्टरांना ते पाकीट नेऊन दाखवा. झोपेत घोरताना त्यांचा श्वास अडकत असेल तर तेही सांगा.