मोकळ्या प्लॉटवर मेथी लावणं हा गुन्हा आहे का?

आज सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. बेळगावात अनगोळला आमच्या गल्लीच्या टोकाच्या प्लॉटवर जेसीबी फिरला. घर बांधायला फिरला असता तर एक शब्द बोलले नसते. ड्रायव्हर म्हणाला, "काय करू वैनी, नुसतं सपाट करून ठेव म्हटल्यात मालक." सपाट म्हणजे मेथी, अंबाडी, नवलकोल, वालाचा मांडव, सगळं उलथून कोपऱ्यात ढीग.

हा तोच प्लॉट, जिथं अर्धं अनगोळ वर्षानुवर्षं कचरा टाकत होतं. मेलेल्या घुशी, थर्माकोलची मखरं, बाटल्या. तेव्हा मालक फिरकला नाही. घाण टाकायला कुणाची परवानगी लागली नाही. आम्ही बायकांनी पदर खोचून तो उपसला, शेणखत घातलं, भाजी लावली, आणि लगेच सगळ्यांना उतारा आठवला! एका कार्यालयात विचारायला गेलो, तर साहेब मान वर न करता म्हणाले, "असली स्कीम नाही."

अहो, स्कीम कशाला हवी? शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरचं शिवार आठवा. बासमतीचा वास यायचा रस्त्यापर्यंत. त्या शिवारातून जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याला तिथले शेतकरी जीव तोडून का विरोध करत राहिले, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्याच मातीवर लेआउट पडले, आणि आता निम्मे प्लॉट रेट वाढायची वाट बघत ओस पडलेत. जमीन शेताची राहिली नाही, घराचीही झाली नाही. काँग्रेस गवत तेवढं माजलंय.

मालकाची जागा, मालकाचा हक्क. मान्य. कब्जाची भीतीही खोटी नाही, तशी माणसं असतात. मग अकरा महिन्यांचा करार करा की! घर भाड्यानं देताना करता ना? आणि लेआउटच्या नकाशात बागेसाठी म्हणून सोडलेल्या जागांचं काय? त्या तर कुणा एकाच्या नाहीत. उद्यानं, मैदानं, मोकळ्या जागा राखायला कर्नाटकात 1985 पासून कायदा आहे. 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत बेळगाव आलं तेव्हा आपण पेढे वाटले होते. पेव्हर बसवलेली, दिव्यांची बाग पोरांना हवीच. पण तिच्या एका कोपऱ्यात म्हाताऱ्या माणसांना चार वाफे द्यायला काय जातं?

आमच्या समोरच्या अक्का गदगकडच्या. घरात सगळं कन्नड. अंबाडीचं बी त्यांनी गावाहून आणलं, वाफे कसे पाडायचे ते आमच्या येळ्ळूरच्या काकींनी दाखवलं. भाषेवरून या शहरात काय काय झालंय ते आपण सगळ्यांनी सोसलंय. त्या प्लॉटवर दोघींचा वाद व्हायचा तो एवढाच, आधी मुळा की आधी मेथी. नवरा गेल्यापासून घराबाहेर न पडणाऱ्या अक्का रोज सकाळी पाण्याची कळशी घेऊन सगळ्यांच्या आधी हजर असायच्या. आज त्यांनी त्या ढिगातून अंबाडी निवडून काढली, गल्लीत घरोघरी वाटली. ड्रायव्हरलाही पाणी दिलं. मी त्याच्यावर तोंड टाकत होते, तर मलाच म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं? पोटासाठी करालाय."

खरंय. त्याचं काही चुकलं नाही.

पाण्याचं विचाराल. मे महिन्यात राकसकोप धरणाचं पाणी घरातच पुरत नाही, ठीक आहे. उन्हाळाभर वाफे पडून राहू देत. जूनपासून पाऊस, पुढं थंडी. पालेभाजीला तेवढं पुष्कळ झालं. 1924 च्या इथल्या काँग्रेस अधिवेशनाला, गांधीजी अध्यक्ष होते तेव्हा, चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी टिळकवाडीत विहीर खणली होती, ती आजही आहे. त्या गावाला चार वाफ्यांचं पाणी जड आहे? आणि खताला तर पैसाही नको. रोजचा ओला कचरा गाडीत भरून तुरमुरीच्या कचरा डेपोला जातोच आहे. तो इथंच मुरू दे.

अनगोळ, वडगाव, भाग्यनगर भागात कुणाचा प्लॉट रिकामा असेल तर मला मेसेज करा. करार करू, कुंपण आम्ही घालू, कचरा आम्ही काढू. बांधकाम काढायच्या महिनाभर आधी फक्त सांगा, आमच्या हातानं वाफे मोडून जागा मोकळी करून देऊ. तसं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला मी तयार आहे. अक्कांचीही सही घेऊन येते.