घर तुमचं, घड्याळही तुमचंच

घरात छुपा कॅमेरा लावायचाय? लावा की! घर तुमचं, हप्ते तुम्ही भरता, म्हणजे आत श्वास घेणारा प्रत्येक जण तुमच्याच मालकीचा.

कॅमेरा मात्र दिसता कामा नये. दिसला की माणसं शहाण्यासारखी वागतात, मग बघायला उरतं काय?

पासवर्ड कंपनीने दिलेलाच ठेवा. जगालाही पाहू द्या.

कोणी विचारलंच तर 'सेफ्टीसाठी' म्हणा.

आता पाहुण्यांची खोली. इथे टेबलावरचं घड्याळ उत्तम. मागच्या आठवड्यात एका नातेवाइकांकडे मुक्काम होता. सकाळी चहा ओतता ओतता यजमान म्हणाले, "रात्री पंखा फुल्ल ठेवून झोपलात, पांघरूणही नव्हतं!" मी तर आतून कडी लावून झोपलो होतो. खोलीत जाऊन पाहिलं. घड्याळात सव्वाचार वाजलेले, काटे हलत नव्हते, पण वायर प्लगात आणि पाठ चांगली गरम. बाराच्या आकड्यात टाचणीच्या टोकाएवढं भोक. त्याच्यासमोर मी दोन दिवस कपडे बदलले होते. विचारलं तर वर उत्तर, "अहो, आपलेच आहात, लपवायचंय काय?" अरे, लपवलं कोणी होतं? मी की तुम्ही?

कायद्याचं फार मनावर घेऊ नका. मुक्कामाला घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीने ३० एप्रिल २०२४ पासून आपल्या यादीतल्या जगभरातल्या घरांत आतले कॅमेरे बंद केले, अगदी सांगून लावलेलेसुद्धा. पण तुम्ही कुठे भाडं घेता? २०२५ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने सांगितलं की एकत्र राहत्या घरात बाकीच्यांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत. सुप्रीम कोर्टानेही तो निकाल बदलला नाही. तिथे प्रकरण दोन भावांचं होतं; पाहुण्याला कोण विचारतो!

राहिलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई. संमतीशिवाय कोणाच्याही खाजगी अवयवांचं चित्रण केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अंगावर अंतर्वस्त्रं होती ही सबब चालत नाही. बाई असो वा पुरुष. 'माझंच घर होतं' अशी सूट त्यात कुठेही लिहिलेली नाही.

दारावर लावा, गेटवर लावा, पाटी लावून लावा, कोण नको म्हणतंय? पण झोपायच्या खोलीत चोरून लावता आणि वर आपलेपणाच्या गप्पा मारता? ते घड्याळ आधी काढा. आणि माझं रेकॉर्डिंग माझ्यासमोर पुसा. मी रविवारी येतोय. मुक्कामाला नाही.