डबल बेल

आमच्या आबांनी तीस वर्षं एसटी चालवली. त्यातली निम्मी कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटातून. एवढ्या काळात त्यांनी गाडीतले दोनच आवाज मानले. एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. मागं कोंबडी ओरडू दे, कुणाला उलटी होऊ दे, सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी कुणाची जुंपू दे, आबांची मान वळली नाही. "त्ये मागचं खातं," असं ते अजून म्हणतात.

अशा माणसाला मी गेल्याच्या गेल्या दसऱ्याला सतरा तऱ्हांनी वाजणाऱ्या मोटारीत बसवलं.

सतरा हा आकडा उगीच नाही, मी एक अख्खा रविवार घालवून मोजलेत. पट्टा लावला नाही की टुंगटुंग. दार नीट लागलं नाही की वेगळं टुंगटुंग. मागं घेताना टुक्-टुक्-टुक्, आणि भिंत जवळ आली की नुसता टूंऽऽऽ. मार्केट यार्डातून दहा किलो गुळाचा रवा घेऊन शेजारच्या सीटवर ठेवला, तर त्यालाही पट्टा लावा म्हणून शिरोलीच्या पुलापर्यंत कोकलत होती. शेवटी बायकोनं मागून हात घालून गुळाला पट्टा लावला. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं आत डोकावून बघितलं, गुळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता पुढं गेला. कोल्हापुरात माणूस काही न बोलता पुढं गेला म्हणजे समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

शोरूममधल्या पोरानं गाडी देताना सांगितलं होतं, "सर, हिला एडास आहे. लेव्हल टू."

आबा दचकले. "डास? नव्या गाडीत?"

पुढं अनुभवानं कळलं की नाव अचूक आहे. कानाशी गुणगुणतो, हाकलला तरी परत येतो, आणि नेमकी डुलकी लागायला आली की चावतो. एडास म्हणजे ड्रायव्हरच्या मदतीला दिलेली यंत्रणा. आरशामागं काचेला एक कॅमेरा, पुढच्या जाळीआड एक रडार, आणि दोघं मिळून रस्त्यावर पाळत ठेवतात. लेव्हल टू म्हणजे स्टिअरिंग, ॲक्सिलेटर आणि ब्रेक या तिन्हींत गाडी हात घालणार, पण नजर तुमची आणि जबाबदारीही तुमचीच. करणार ती, निस्तरणार मी. आमच्या भावकीतली निम्मी माणसं लेव्हल टू आहेत, फक्त आजवर त्यांना नाव नव्हतं.

आता हे रडार कुणी तरी शिस्तीच्या देशात वाढवलेलं असणार. त्याला महाद्वार रोड दाखवला तेव्हा त्याची जी तारांबळ उडाली, ती बघून मलाच कीव आली. आरशातला बाजूचा दिवा लागतो, म्हणजे तुमच्या नजरेआड कुणी तरी आहे. राजारामपुरीत तो दिवा विझतच नाही. विझला तर मी घाबरतो, की बाबा, गावात काही झालं काय? गंगावेशीत संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी आलेल्या असतात, गिऱ्हाईक समोर उभं राहून धारोष्ण दूध पितं. तिथं एक म्हैस रस्त्याच्या मधोमध येऊन विचार करत थांबली. गाडीनं करकचून ब्रेक मारला आणि पडद्यावर म्हशीच्या जागी ट्रकचं चित्र काढलं. फार चुकली असं मला म्हणवत नाही. म्हशीनं आमच्याकडं एकदा बघितलं आणि आपला विचार पूर्ण करूनच ती हलली.

हायवेला आणखी एक लाड आहे. वेग एकदा ठरवून दिला की पुढच्या गाडीपासून अंतर राखत ही आपली आपण चालते. अंतर ती सभ्यपणे राखते. पण कोल्हापूर-सांगली भागात दोन गाड्यांत राखलेलं अंतर म्हणजे आमंत्रण. त्यात आधी एक बुलेट येते, मग टेम्पो, मग उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला, कर्कश गाणी वाजवणारा ट्रॅक्टर. प्रत्येकासाठी ही बिचारी मागं सरते. किणी टोल नाका येईपर्यंत मला वाटायला लागलं की आपण पुण्याला चाललोय का परत घरी?

पांढऱ्या पट्ट्यांचंही तेच. इंडिकेटर न देता पट्टा ओलांडला की स्टिअरिंग हाताला हिसका देतं. सहापदरीकरणाच्या कामात जुने पट्टे तसेच ठेवून रस्ता भलतीकडं वळवलेला, तिथं ती जुन्या पट्ट्यांशी इमान राखून मला खणलेल्या बाजूला न्यायला बघते. पण तिच्यामुळं मला इंडिकेटर द्यायची सवय लागली, हे कबूल केलं पाहिजे. परवा बिंदू चौकात मी वळायच्या आधी इंडिकेटर दिला, तर मागचा पोरगा मोटरसायकल शेजारी आणून सांगून गेला, "काका, तुमचा इंडिकेटर चालू राहिलाय."

हे सगळं मी सोसलं असतं. खरी गोष्ट चाकाची आहे.

आषाढात एका सकाळी पडद्यावर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखं चित्र, आत उद्गारवाचक चिन्ह. बायको म्हणाली, मडकं आहे. मुलगी म्हणाली, कढई. आबांनी चष्मा वर करून बघितलं, म्हणाले, "नाल हाय. काय म्हनती?"

"कुठल्या तरी चाकात हवा कमी आहे म्हणते."

"कुठल्या?"

"ते सांगत नाही."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू डेपोत कुणी तरी येऊन 'कुठल्या तरी एसटीला कुठं तरी काही तरी झालंय' म्हणून सांगून गेलंय. मग ते आत गेले आणि टॉमी घेऊन आले. निवृत्त होताना माणसं घड्याळ आणतात, शाल आणतात. आबांनी हातभर लांबीची लोखंडी टॉमी आणली. रोज पहाटे गाडी बाहेर काढण्याआधी ते सहाच्या सहा चाकांवर ती आपटायचे आणि आवाज ऐकायचे. टण्ण वाजलं की हवा बरोबर, बद्द वाजलं की नाही. आता त्यांनी धोतराचा सोगा खोचला, आमच्या मोटारीला प्रदक्षिणा घातली, चार ठिकाणी टॉमी मारली आणि निकाल दिला, "चारी टनाटन हायत. तुझी गाडी खोटं बोलती."

मी आबांचं ऐकलं. पन्नाशीतल्या माणसानं बापाचं ऐकायचं नाही तर कुणाचं? तो पिवळा दिवा डोळ्यासमोर घेऊन आठ दिवस गाडी चालवली.

आठव्या दिवशी कावळा नाक्याजवळच्या पंपावर हवा तपासली. दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत ३३ लिहिलेलं. तीन चाकं ३२, आणि क्लीनर साईडचं, म्हणजे डावीकडचं, मागलं २५. घरी येऊन सांगितलं तर आबा म्हणाले, "त्या पोराचा काटाच खोटा असंल." पण पोरानं चारी चाकांत ३३ हवा मारूनही दिवा लागलेलाच राहिला, त्यामुळं आबांचंच खरं ठरलं. "बघ. पोट भरलं तरी रडतंय. म्हंजे रडायची सवय हाय."

त्या रात्री मी गाडीची जाडजूड पुस्तिका उघडली, आणि जे पुस्तिकेत नव्हतं ते फोनवर वाचलं. आमच्या गाडीत हवा मोजणारं यंत्र चाकात नाहीच. काही गाड्यांत असतं, व्हॉल्व्हपाशी, छोट्या बॅटरीवर चालणारं, आणि ते चाकागणिक आकडा सांगतं. आमच्याकडं चुगलीवर काम चालतं. हवा उतरलेलं चाक किंचित बसतं, त्याचा घेर घटतो, आणि तेवढंच अंतर कापायला त्याला बाकीच्या तिघांपेक्षा जास्त गरके मारावे लागतात. ब्रेकच्या सोयीसाठी प्रत्येक चाकाचे गरके मोजणारा एक कारकून आधीपासूनच नेमलेला असतो. तोच वर कळवतो, की साहेब, चौघांत एकजण जरा जास्तच फिरतोय.

सकाळी आबांना हे समजावून सांगितलं. पुढं हेही सांगितलं, की अमेरिकेत टायर फाटून मोटारी उलटल्या, कितीतरी माणसं गेली, म्हणून २००० साली तिथं कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा सक्तीचा आहे. हवा मापापेक्षा पंचवीस टक्के उतरली की तो लागलाच पाहिजे. ३३ चे २५ म्हणजे जवळपास तेवढंच.

आबा चहा बशीत ओतत म्हणाले, "त्यास्नी टॉमी माहीत नसंल."

सर्व्हिसिंगला गाडी नेली तेव्हा तिथल्या पोरानं पडद्यावर चार ठिकाणी बोट लावलं, एक बटण दाबून धरलं आणि दिवा गेला. "काका, हवा भरली की हे रिसेट मारायचं. म्हणजे गाडीला कळतं, आता आहे ती हवा बरोबर. ह्याच्यावरूनच ती पुढचं मोजते."

या तीन वाक्यांतलं मी एवढंच लक्षात ठेवलं, की हे दाबलं की दिवा जातो.

जानेवारीत कागलला एक लग्न होतं. परतताना अंधार, हायवेला उसाच्या गाड्यांची रांग, मागं झोपलेली मुलगी आणि जागे आबा. तेवढ्यात नालेचा दिवा लागला. आबांची नजर पडायच्या आत मी चार ठिकाणी बोट लावून बटण दाबलं. दिवा गेला. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! या मोटारीतला एक तरी आवाज गप्प करण्याची किल्ली माझ्या हाती आली होती.

तिसऱ्या दिवशी रविवार. जोतिबाला निघायचं होतं. आबा टॉमी घेऊन गाडीभोवती फिरले आणि मागच्या डाव्या चाकाशी थांबले. पुन्हा मारली. कान वाकडा केला.

"क्लीनर साईडचं मागलं बद्द वाजतंय."

मी गाडी चालू करून पडदा दाखवला. स्वच्छ. एक दिवा नाही. "आबा, आता ती काही म्हणत नाही. हवा कमी असती तर बोलली असती. गेल्या वेळी तिचंच खरं निघालं होतं, विसरलात?"

आबांनी टॉमी डिकीत ठेवली आणि मागं जाऊन बसले. वाद घातला नाही, हेच मला खटकायला हवं होतं.

वाडी रत्नागिरीचा, म्हणजे जोतिबाच्या डोंगराचा, घाट अर्धा चढलो आणि मागून फतफत आवाज यायला लागला. दिवा लागला, नाही असं नाही. पण तोवर रिम रस्त्याशी थेट बोलायला लागली होती. गुलालात न्हालेली, दर्शन करून परतणारी माणसं थांबून सल्ला देऊ लागली. "चांगभलं!" म्हणत एकानं जॅक लावला, दुसऱ्यानं तो काढून दुसरीकडं लावला. आबा कुणाशी बोलले नाहीत. डिकीतून टॉमी काढली, पान्याच्या दांड्यात अडकवली आणि घट्ट बसलेले नट एकेका हिसक्यात सैल केले. ऐंशी वर्षांचा माणूस! दोघां-तिघांनी मोबाइलवर त्यांचं चित्रण केलं. मी स्टेपनी धरून उभा होतो, तो कुठल्याच चित्रणात आलो नाही.

पायथ्याशी पंक्चरवाल्यानं टायर पाण्याच्या टबात फिरवलं. एका जागेवरून बारीक बुडबुडे आले, मोहरीएवढे. पकडीनं त्यानं ओढून काढलं ते बोटभरही नव्हतं. झिजलेलं, चपट्या डोक्याचं. आबांनी तळहातावर घेतलं आणि लगेच ओळखलं.

"पत्रीचा खिळा. उसाच्या गाडीच्या बैलाचा."

म्हणजे गाडीनं नाल दाखवली होती आणि निघालाही नालेचाच खिळा. मला हसू आलं, पण ते चेहऱ्यावर यायच्या आधी पंक्चरवाला म्हणाला, "दोन-तीन दिस झालं असतील, दादा. ट्यूबलेसला खिळा आतच बसतो, हवा जरा जरा जाती. तुमच्या गाडीत दिवा असतोय की. लागला न्हाई?"

टायरला चिकट दोरी मारून होईपर्यंत मी दूर जाऊन फोनवर बोलत असल्याचं नाटक केलं. पुस्तिकेतलं ते पान आता मला तोंडपाठ आहे. हवा कमी असताना रिसेट मारलं, तर गाडी त्या कमी हवेलाच बरोबर समजते आणि पुढं तिच्यावरूनच मोजते. कागलच्या रस्त्यावर तिनं वेळेवर सांगितलं होतं. मी तिला दटावून सांगितलं, की हेच बरोबर आहे. तिनं ऐकलं.

पुन्हा चाक बदलत बसलो असतो तर रात्र झाली असती, म्हणून दुरुस्त चाक डिकीत टाकून स्टेपनीवरच निघालो. स्टेपनी मूळ चाकापेक्षा बारकी, तिच्यावर '८० च्या वर पळवू नका' असा शिक्का. शिवाजी पूल येईपर्यंत दिवा पुन्हा लागला.

आबा मागून पुढं वाकले. "आता काय झालं हिला?"

"चाक वेगळ्या मापाचं आहे ना, आबा. जास्त फिरतंय. ते कळलं तिला."

आबा थोडा वेळ पंचगंगेकडं बघत राहिले. "एवढं कळलं. आन् दोन दिस चाकात खिळा हुता, त्यो न्हाई कळला?"

बायको माझ्याकडं बघत होती. कागलहून येताना तीच पुढं बसली होती, जागी होती.

"नाही कळला," मी म्हणालो.

"मग कशाला येवढं पैसं घातलंस?" म्हणून आबांनी खिळा माझ्याकडं दिला. तो अजून गाडीत गिअरपुढच्या खणात आहे आणि प्रत्येक खड्ड्यात खुळखुळतो. डिकीत टॉमी आहे, ती गतिरोधकाला खणकन वाजते. हे दोन धरून आवाज एकोणीस झाले. बाहेर निघताना आबा चाकं वाजवून बघतात, मागं बसतात आणि माझ्या सीटच्या पाठीवर बोटानं दोनदा टकटक करतात. मग मी गाडी सोडतो.