‘पाच अंशांनी काय बिघडतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कोपराचा कृत्रिम सांधा नीट बसावा म्हणून हाडांची मापं का घ्यायची, यावर मी लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली: ‘कोरडी हाडं मोजणं ही रिकामपणाची हौस आहे. हाड बाईचं की पुरुषाचं तेही माहीत नसतं, वर कूर्चाही नसते. आता सीटी स्कॅन आहे. आणि पाच अंशांनी कुणाचं काय बिघडतं?’

‘रिकामपणाची हौस’ हे शब्द लागले. मतभेद जरूर असावेत. पण नागपुरात अॅनाटॉमी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत असताना मुलांच्या हातात हाडं देऊन शिकवलंय. नाव न लावता चार ओळी लिहिणाऱ्याने या कामाला रिकामपण म्हणू नये. बोलायची ही कुठली पद्धत?

कूर्चेचं, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणाचं, मान्य. तिच्याविना रेडियसचं (कोपरापुढच्या हातातलं अंगठ्याच्या बाजूचं हाड) डोकं मापात थोडं लहान भरतं. लेखात तशी टीप टाकतो.

आता तुमचे पाच अंश. अल्ना, म्हणजे कोपरापुढच्या हातातलं करंगळीच्या बाजूचं हाड, हातात घ्या, कोपराचं टोक डोळ्याजवळ आणा आणि मागच्या कडेवरून नेम धरल्यासारखं बघा. टोकापासून साधारण ५ सेंटिमीटरवर कड वाकलेली दिसेल. हा बाक सरासरी ५ ते ६ अंशांचा. कुणात जवळजवळ नसतोच, कुणात १० च्याही वर जातो. शिवाय हाड बाजूलाही वळतं, आणि ते वळण याहून मोठं असतं. सांध्याचा धातूचा दांडा जातो तो याच हाडाच्या पोकळीत. दांडा सरळ नि लांब, पोकळी वाकडी नि अरुंद असली की टोक आतल्या भिंतीला टेकतं. त्या बाजूला दांडा पक्का धरणाऱ्या सिमेंटचा थर पातळ राहतो. पोकळी कोरताना हाडाला आरपार भोकही पडू शकतं. पुढे दांडा सैल होण्याची भीती असते ती वेगळीच.

माझ्या आईला संधिवात होता. तिच्या कोपरात तेव्हा मिळणाऱ्यांतला सगळ्यात बारीक दांडा घातला होता. काही वर्षांनी हात दुखू लागला तेव्हा एक्स-रे मी स्वतः खिडकीशी धरून पाहिला: दांड्याचं टोक भिंतीला चिकटलेलं, भोवती सैल पडल्याची काळी रेघ. त्या हाताने तिला भाकरी थापता येत नव्हती. काय बिघडतं, हे मला विचारू नका.

बाई-पुरुषाचा मुद्दा असेल, पण म्हणून बाक नाहीसा होत नाही. आणि सीटीवरही मोजावंच लागतं. काय मोजायचं ते हाड हाताळलेल्याला कळतं.

कोन कसा मोजला ते मूळ लेखात दिलंय. त्यात खोट असेल तर नाव लावून दाखवा, मी उत्तर देईन. ‘हौस’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला यापुढे देणार नाही.