कुलूप शाबूत, कोयंडा हातात : एका ओटी सिस्टरच्या प्रतिक्रियेला उत्तर

सिस्टर, नमस्कार.

तुम्ही नाव दिलेलं नाही, खाली फक्त 'ओटी सिस्टर, 22 वर्षं' एवढंच आहे, म्हणून सिस्टरच म्हणतो. तुमची प्रतिक्रिया बरीच लांब आहे. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गाभा इथे देतो (ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, व्हिस्को म्हणजे मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात भरायचं घट्टसर जेल, कॅन्युला म्हणजे सुईसारखी बोथट बारीक नळी):

"इंजिनियर लोकांना आटे दिसले की समाधान वाटतं. वॉर्डात आम्ही साध्या दाबून बसवायच्या सिरींजने हजारो इंजेक्शनं दिली, एकही सुई उडाली नाही. आणि ज्या लॉकचं तुम्ही एवढं कौतुक करता, तीच सिरींज मोतीबिंदूच्या केसला होती. व्हिस्को भरलेली, काचेची. कॅन्युला मी स्वतः पिळून घट्ट बसवला होता. सर्जनने दट्ट्या दाबला आणि कॅन्युला सुटला, बरोबर ती प्लास्टिकची गोल रिंगपण आली. नशीब, डोळ्याच्या बाहेर होता. बोलणी मी खाल्ली. तुम्ही कधी ओटीत उभे राहिला आहात का? लोकांना उगाच घाबरवू नका."

मागच्या लेखात मी दोन गोष्टी लिहिल्या होत्या. जिथे जोर लावून औषध ढकलायचं असतं तिथे सुई आट्यांत पिळून बसवायची, म्हणजे लुअर लॉकची सिरींज घ्यावी, ही एक. आणि सुई जितकी घट्ट आवळाल तितकं बरं, ही दुसरी. पहिलीवर मी ठाम आहे. दुसरी चूक होती आणि ती तुमच्यामुळे लक्षात आली. लेखातलं ते वाक्य काल काढून टाकलं.

पण आधी त्या रिंगबद्दल. 'रिंगपण आली' हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, खरं तर सगळं त्यातच आहे. सुई आणि आटे यांचा जोड सुटला असता तर कॅन्युला एकटा उडाला असता आणि रिंग सिरींजवरच राहिली असती. रिंग सोबत आली, म्हणजे तुम्ही पिळून बसवलेला जोड शेवटपर्यंत टिकला. सुटला तो त्याच्या मागचा जोड, रिंग आणि काच यांच्यामधला. दाराला घातलेलं कुलूप जागच्या जागी शाबूत आणि चौकटीतून कोयंडाच उचकटून आलेला, तसं. बोलणी कुलूप लावणाऱ्याने खाल्ली.

हा दुसरा जोड बहुतेकांना माहीतच नसतो, कारण प्लास्टिकच्या सिरींजला तो नसतो. तिथे नळी, पुढचं निमुळतं टोक आणि त्याभोवतीची आट्यांची कॉलर हे सगळं एकाच साच्यातून एका दमात निघतं. मी भोसरीत साच्यांच्या कामात अकरा वर्षं काढली, त्यातली चार याच टोकांवर. आतल्या बाजूला आटे असलेली ती कॉलर साच्यातून सोडवताना आटे फाटू नयेत म्हणून साच्याचा गाभा फिरवत मागे घ्यावा लागतो. कटकटीचं काम, पण होतं. काचेचं तसं नाही. काचेची नळी गॅसच्या ज्योतीवर तापवतात, मऊ झालेलं तोंड रोलरने दाबतात, आतलं भोक राखायला मध्ये बारीक पिन असते. असं निमुळतं टोक छान वळतं. पण त्या टोकाभोवती पोकळ बांगडी आणि तिच्या आतून आटे, हे ज्योतीवर काढायचं कसं? म्हणून आटे प्लास्टिकच्या वेगळ्या कॉलरमध्ये करतात आणि ती कॉलर काचेच्या टोकाच्या बुडाशी असलेल्या खाचेवर दाबून बसवतात. बहुतेक वेळा ना डिंक, ना वितळवणं. प्लास्टिक ताणलं जातं, खाचेत उतरतं आणि आवळून बसतं. बस्स.

ही अडचण जुनीच आहे. लुअर हे पॅरिसमध्ये वैद्यकीय अवजारं बनवणाऱ्याचं नाव. संपूर्ण काचेच्या सिरींजचा पसारा 1890 च्या दशकातला आणि निमुळतं टोक त्याच काळातलं. आट्यांचं लॉक अमेरिकेत बेक्टन डिकिन्सनकडे 1920 च्या दशकात आलं. तेव्हाच्या लॉकवाल्या काचेच्या सिरींजला पुढे धातूचं टोक बसवलेलं असे, म्हणजे काचेला दुसरं काहीतरी जोडायची कसरत तेव्हाही होतीच. फक्त धातूच्या जागी आता प्लास्टिक आलं.

ती कॉलर ढिली का पडते? एक म्हणजे माप. ज्योतीवर वळलेल्या काचेचं माप साच्यातल्या प्लास्टिकइतकं नेमकं येत नाही. एका सिरींजवर कॉलर करकचून बसते, पुढच्या सिरींजवर जेमतेम. दुसरं, उष्णता. हायल्युरॉनिक आम्लाचे चेहऱ्यावरचे फिलर, म्हणजे सुरकुत्या भरायची जेलं, सिरींजमध्ये भरल्यावर तसेच 121 अंशांना वाफेत निर्जंतुक करतात. ताणून बसवलेलं प्लास्टिक इतकं तापलं की त्यातला ताण थोडा सैलावतो, पँटच्या इलॅस्टिकसारखा. आम्ही ऑटोक्लेव्हच्या आधी आणि नंतर कॉलर ओढून बघायचो, आणि नंतरचा आकडा खालीच यायचा. दट्ट्या सहज सरकावा म्हणून काचेला आतून सिलिकॉन लावलेलं असतं. त्याचा ओशटपणा टोकापर्यंत गेला तर पकड आणखी कमी.

आणि यातलं सगळ्यात चोरटं कारण म्हणजे बूच. भरून आलेल्या सिरींजचं बूच त्याच आट्यांवर पिळून बसवलेलं असतं. ते जाम असलं आणि तुम्ही एका हातात काच धरून दुसऱ्या हाताने बूच फिरवलंत, तर तो सगळा पीळ कॉलरमधून जातो. बूच सुटायच्या आधी कॉलरच काचेवर एखादा वेढा फिरली, की तिची पकड तिथेच गेली. दिसत काहीच नाही. वर कॅन्युला 'घट्ट' बसतो, कारण आता कॉलर त्याच्याबरोबर फिरून शेवटी कुठेतरी अडते. म्हणूनच भरून येणाऱ्या काचेच्या सिरींजसाठी जे मानक आहे, आयएसओ 11040 चा चौथा भाग, त्यात कॉलर ओढून काढायला किती जोर लागतो, ती फिरायला किती पीळ लागतो आणि बूच उघडायला किती, या तिन्हींच्या चाचण्या सांगितल्या आहेत. बूच सुटायला लागणारा पीळ कॉलर फिरवणाऱ्या पिळापेक्षा बराच कमी हवा, एवढं साधं गणित आहे.

आता 'हजारो इंजेक्शनं दिली, एकही सुई उडाली नाही' याकडे येतो. मी ते शंभर टक्के मान्य करतो आणि त्यामागचं कारणही आहे. सिरींजचं टोक सहा टक्के निमुळतं असतं, म्हणजे दर मिलिमीटरला व्यास 0.06 मिलिमीटरने कमी. ड्रिल मशीनचा मोर्स टेपर ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे सांगायला नको: इतका कमी उतार असला की पाचर ठोकल्यासारखी बसते आणि घर्षण तिला सोडत नाही. दंडात दोन मिली औषध द्यायला तेवढं पुरतं. लसीकरणात तर आपण 2005 नंतर एडी, म्हणजे एकदाच वापरता येणाऱ्या, सिरींजवर गेलो, तिची सुई पक्की जोडलेलीच असते. जोडच नाही, तर सुटणार काय!

पण जोर वाढला की हिशोब बदलतो, आणि तो सिरींजच्या जाडीवर अवलंबून असतो. अंगठ्याचा जोर दोन किलो धरू. पाच मिलीच्या सिरींजचा आतला व्यास साधारण 12 मिलिमीटर, त्यात दाब होतो सुमारे 25 पीएसआय. एक मिलीच्या लांब काचेच्या सिरींजचा व्यास 6.35 मिलिमीटर, तोच अंगठा, तोच जोर, दाब मात्र 90 पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस भरतो. हा दाब सुईच्या हबला, म्हणजे सिरींजवर बसणाऱ्या तिच्या मागच्या टोपीला, पुढे ढकलतो. टोकाजवळचा चार मिलिमीटर व्यास धरला तर ढकलणारा जोर पाऊण किलोच्या आसपास. पातळ औषध असेल तर ते सुईतून निघून जातं आणि दाब चढतच नाही. व्हिस्को किंवा फिलर बारीक कॅन्युलातून चटकन जात नाही, अंगठा आणखी दाबतो, आणि कॅन्युलाचं तोंड जरा अडलं की पूर्ण दाब हबवर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये असा सुटलेला कॅन्युला बाणासारखा डोळ्यात गेल्याच्या आणि आतल्या भागांना इजा केल्याच्या घटना नेत्रतज्ज्ञांच्या वैद्यकीय लेखांत नोंदलेल्या आहेत. तिथे आट्यांची सिरींज हवी असं मी म्हणालो ते यासाठी. वॉर्डातल्या इंजेक्शनसाठी नाही. लेखात हा फरक नीट लिहिला नव्हता, तेवढा दोष माझा.

तुम्ही विचाराल (खरं तर विचारलंच आहे), की चाचणीत पास झालेल्या वस्तू हातात का सुटतात. लुअर जोडांच्या आजच्या मानकात, आयएसओ 80369 च्या सातव्या भागात, नुसत्या दाबून बसवायच्या जोडानेसुद्धा 23 ते 25 न्यूटन ओढ सहन करायची असते, म्हणजे जवळपास अडीच किलो. लॉकने 32 ते 35. पाऊण किलोपुढे हे भरपूर आहे. मग? चाचणीत जोड बसवताना दोन्ही तुकडे कोरडे असतात आणि साडेसत्तावीस न्यूटनच्या आसपास जोराने, पीळ देऊन, पाच सेकंद दाबून धरलेले असतात. ओटीत हातमोजे ओले, टोकाला व्हिस्कोचा थेंब आलेला, आणि सर्जनचा हात पुढे आलेला. पाच सेकंद कोण देतं? मागे एकदा कामासाठी मी ओटीत भिंतीला टेकून तीन केसेस पाहिल्या आहेत, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. 'कधी ओटीत उभे राहिला आहात का' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे: तीन केसेस, तेही भिंतीला टेकून.

त्या दिवशी एका सिस्टरांची एक सवय पाहिली होती, तिचा अर्थ मला आत्ता, तुमची प्रतिक्रिया वाचताना कळला. त्या बूच उघडताना काचेची नळी धरत नव्हत्या. दोन बोटांच्या चिमटीत कॉलर धरायच्या आणि मग बूच फिरवायच्या. कॅन्युला बसवतानाही चिमटीत कॉलरच. त्यामुळे पीळ काचेपर्यंत पोचतच नव्हता. त्यांना हे कोणी शिकवलं होतं की हाताला आपोआप उमगलं होतं, विचारायला हवं होतं. (पाकिटातल्या कागदावर धरायची रीत वेगळी छापली असेल तर ती पाळा, कंपनीपरत्वे कॉलरची घडण बदलते.) टोक ओलं झालं असेल तर आधी निर्जंतुक गॉजने टिपून घ्या. आणि डोळ्यात नेण्याआधी बाहेर एक थेंब काढून बघायची जी पद्धत आहे, ती टाळू नका. पहिला जोर तिथेच बसतो, ढिली कॉलर असेल तर ती तिथेच बोलते.

'जितकं घट्ट तितकं बरं' का चूक, तेही सांगतो. हबचे दोन कान दुहेरी आट्यांत फिरतात, एका पूर्ण फेऱ्याला पाच मिलिमीटर पुढे. म्हणजे अर्ध्या-पाऊण फेऱ्यात काम झालेलं असतं. त्यानंतर आवळत राहिलात तर कान आट्यांवरून उडी मारून पुढे जातात किंवा हबला बारीक तडा जातो. थ्री-वेच्या, म्हणजे सलाइनच्या नळीवरच्या तीन तोंडांच्या तोटीच्या, पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला प्रोपोफॉलसारख्या भुलीच्या स्निग्ध औषधाने तडे जातात हे भूलतज्ज्ञांना माहीत आहे. जास्त आवळलेला भाग आधी तडकतो. आणि तुमच्या बाबतीत तर आवळणं म्हणजे आधीच ढिल्या कोयंड्याला हिसके देणं.

मग करणाऱ्यांनी काय करावं? काचेचं टोक गोल गुळगुळीत न ठेवता त्याला कडा द्याव्यात, म्हणजे कॉलर फिरणार नाही. किंवा काच सोडून सीओपीसारख्या पारदर्शक प्लास्टिकची सिरींज करावी, कॉलर नळीसकट एकाच साच्यात. दोन्ही गोष्टी बाजारात आहेत. महाग आहेत, आणि काही औषधांना काचच मानवते, त्यामुळे ही प्लास्टिकची रिंग इतक्यात जाईल असं मला वाटत नाही.

ज्याने त्याने आपापलं मानक पाळलं तरी जोड फसू शकतो, याचं मला सगळ्यात जास्त खटकणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथल्या औषध नियामक एफडीएने एप्रिल 2013 मध्ये काचेच्या सिरींजबद्दल मार्गदर्शक सूचनांचा एक मसुदा काढला. एडेनोसिन भरलेल्या काचेच्या सिरींज पिन असलेल्या नीडललेस कनेक्टरला, म्हणजे सलाइनच्या नळीवर सुईशिवाय सिरींज जोडायच्या तोंडाला, नीट जुळत नव्हत्या. कनेक्टरमधली पिन सिरींजच्या भोकात शिरून ते बंद करायची किंवा काचेचं टोकच मोडायची. एडेनोसिन हे बेफाम धावणाऱ्या हृदयाचा ताल आवरण्यासाठी झटक्यात द्यायचं औषध, रक्तात दहा सेकंदांच्या आत निम्मं संपतं. सिरींज तिच्या मानकात बसणारी, आणि पेशंटसमोर ती आणि कनेक्टर एकमेकांत बसत नाहीत.

तुमचा शेवटचा टोमणा, की नव्या स्पायनलच्या सिरींजला आपली नेहमीची सुईच बसत नाही, हे कसलं शास्त्र. ती मुद्दाम बसत नाही. शिरेत द्यायचं औषध चुकून मणक्यात जाऊ नये म्हणून मणक्यासाठीच्या जोडाचा व्यास लुअरपेक्षा साधारण वीस टक्के कमी ठेवलाय, 80369 च्या सहाव्या भागात. तिथे जोर लावून काहीतरी बसवायचा प्रयत्न कृपा करून करू नका.

राहिली तुमची केस. अशा घटना कळवायला आपल्याकडे 2015 पासून मटेरिओव्हिजिलन्सचा, म्हणजे वैद्यकीय उपकरणांमुळे घडलेल्या घटना नोंदवण्याचा, कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो आणि सिस्टरसुद्धा फॉर्म भरू शकतात. 'कॅन्युला सुटला' असं लिहू नका, 'कॉलर काचेवरून निघाली' असं लिहा, नाहीतर दोष पुन्हा हाताच्या खाती जाईल. सिरींज कचऱ्यात गेली असेल, पण पाकीट किंवा रजिस्टरमधला स्टिकर असेल तर त्यावरचा बॅच नंबर जपून ठेवा. आणि एक आठवून सांगाल का: त्या दिवशी बूच उघडताना ते जाम होतं का, आणि तुमचा हात काचेवर होता की रिंगवर?