नाव कळलं की निकाल तयार!

सुपरहिरोच्या नव्या चित्रपटाचा दिग्दर्शक जाहीर झाला रे झाला, की लोक निकाल लावून मोकळे! पटकथेचा पत्ता नाही, चित्रीकरण सुरू नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. दिग्दर्शक रूसो बंधू आधी टीव्हीवर विनोदी मालिका करायचे. त्यांनीच २०१४ मध्ये कॅप्टन अमेरिका या सुपरहिरोचा ‘द विंटर सोल्जर’ हा चित्रपट दिला, तोही किती करकरीत! आणि दिग्दर्शक तायका वायटिटी? त्याचा थॉर या सुपरहिरोवरचा २०१७चा चित्रपट झकास, २०२२चा पार विस्कटलेला. दिग्दर्शक तोच, नायकही तोच! संकलक कोण, पटकथा किती हातांतून गेली, स्टुडिओनं किती ढवळाढवळ केली, हे कुणी विचारतच नाही. चीड येते अगदी. अरे, निदान ट्रेलर तरी येऊ द्या!