बाहुलीवर डिलिव्हरी? तो फॉरवर्ड अर्धवट आहे

ग्रुपवर फिरतंय की "आता डॉक्टर नर्स बाहुलीवरच डिलिव्हरी शिकतात, खऱ्या पेशंटचा अनुभवच नसतो". अहो नाही. सिम्युलेशन, म्हणजे बाहुलीवर खऱ्यासारखा प्रसंग उभा करून केलेला सराव, हे खऱ्या कामाच्या बदल्यात नसतं, त्याच्या जोडीला असतं, आणि फक्त शिकाऊ लोकांसाठी तर मुळीच नाही, सीनियर डॉक्टर, सिस्टर, भूलतज्ज्ञ सगळे एकत्र सराव करतात कारण गडबड होते ती बहुतेकदा कोण काय करणार हे न ठरल्यामुळे. मामानॅटली नावाचं मॉडेल तर चक्क एक बाई पोटाला बांधते, ती कळा आल्यासारखं ओरडते, आतून लाल पाणी सोडून रक्तस्राव दाखवते (पहिल्यांदा बघणारा दचकतोच).

आणि उपयोग होतो का? इंग्लंडात ब्रिस्टलच्या साउथमीड हॉस्पिटलात बाळाचा खांदा अडकतो त्या प्रसंगाचा असा सराव सगळ्या स्टाफला सक्तीचा केला, तर अशा केसेसमधे बाळांना इजा व्हायचं प्रमाण ९.३ वरून २.३ टक्क्यांवर आलं, २००८ साली छापून आलंय ते. मात्र बाहुली आणून कपाटात ठेवली तर काय होणार, कप्पाळ!